सॉनिकचे फॅनगेम, स्प्राइट, ओसी आणि न मिटणारे वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेगा कंपनीच्या गेम्समधला निळा हेजहॉग म्हणजे सॉनिक. त्याच्या चाहत्यांमध्ये नव्याने आलेला माणूस पहिल्या आठवड्यात जे विचारतो आणि तिसऱ्या वर्षी ज्यावरून हमरीतुमरीवर येतो, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे मेगा ड्राइव्ह या सेगाच्या १६-बिट कन्सोलवरच्या मूळ गेम्सचे आहेत आणि वेग 'पिक्सेल प्रति फ्रेम' धरला आहे, सेकंदाला ६० फ्रेम या हिशोबाने.

फॅनगेम, मॉड, रॉम हॅक : सगळं एकच ना?

नाही. मदत मागताना हा घोळ घातला की उत्तरंही भलतीच मिळतात. फॅनगेम म्हणजे स्वतंत्र प्रोग्राम : पात्रं सेगाची, कोड तुमचा. मॉड म्हणजे विकत घेतलेल्या गेमच्या फाइल्समध्ये केलेले बदल. मूळ गेम नसेल तर तो चालत नाही. रॉम म्हणजे जुन्या कार्ट्रिजमधल्या गेमची फाइल; रॉम हॅकमध्ये तिच्यातला कोड उलगडून, ६८००० प्रोसेसरच्या असेंब्लीत फेरफार करून पुन्हा बांधायचा असतो.

'सॉनिक रोबो ब्लास्ट २' १९९८ पासून बनतो आहे आणि चक्क 'डूम'च्या इंजिनातून निघालेल्या 'डूम लेगसी'वर उभा आहे, तरी तो फॅनगेमच. २०१३ चा 'अनलीश्ड प्रोजेक्ट' हा 'सॉनिक जनरेशन्स'मध्ये 'सॉनिक अनलीश्ड' या दुसऱ्या गेमच्या दिवसाच्या लेव्हल्स आणतो, म्हणून तो मॉड. २०२५ चा 'अनलीश्ड रीकंपाइल्ड' मात्र कुठल्याच खणात नीट बसत नाही. त्यात एक्सबॉक्स ३६० चा कोड पीसीवर चालेल असा करून घेतला आहे, पण गेमच्या फाइल्स आपल्या प्रतीतून आपणच काढून द्याव्या लागतात.

पहिला फॅनगेम कशात करू?

कोड लिहायचाच नसेल तर क्लिकटीम फ्यूजन आणि त्यावरची 'सॉनिक वर्ल्ड्स' ही तयार चौकट. थोडंफार कोडिंग येत असेल तर गेममेकर किंवा गोडो. ३डी हवं असेल तर युनिटी; किंवा त्याहून सोपं म्हणजे 'रोबो ब्लास्ट २'साठी लुआमध्ये एखादं पात्र किंवा लेव्हल. तिथे हालचाल आधीच बसवलेली मिळते.

कशातही केलं तरी इंजिनाचं आयतं भौतिकशास्त्र सॉनिकसाठी वापरू नका. ते वजन, उसळी आणि घर्षण असलेल्या वस्तूंसाठी असतं. सॉनिक ही तशी वस्तू नाही. तो जमिनीचा कोन वाचत जाणारा एक बिंदू आहे. हे भाग पुढे येतील.

आकार लहान ठेवा : एक अ‍ॅक्ट, दोन-तीन मिनिटांचा. बारा झोन आणि आठ पात्रं आधी जाहीर करणाऱ्यांचे ट्रेलर मिळतात, गेम सहसा मिळत नाहीत.

माझा सॉनिक 'सॉनिकसारखा' धावत नाही. काय चुकतंय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : आकडे अंदाजाने टाकलेले असतात. मूळ आकडे असे :

- धावताना दर फ्रेमला वाढणारा वेग : ०.०४६८७५
- उलट दिशा दाबल्यावर लागणारा ब्रेक : ०.५
- काहीच न दाबल्यास घर्षण : ०.०४६८७५
- सपाटीवर धावून मिळणारा कमाल वेग : ६
- हवेत असताना वाढणारा वेग : ०.०९३७५
- गुरुत्वाकर्षण : ०.२१८७५
- उडीचा सुरुवातीचा वेग : ६.५ (नकल्स या दुसऱ्या पात्राचा ६)

हे अपूर्णांक विचित्र दिसतात, कारण मूळ कोड एका पिक्सेलचे २५६ भाग करतो. ०.०४६८७५ म्हणजे १२ भाग, ०.२१८७५ म्हणजे ५६. 'जवळपास ०.०५' असं करू नका.

आता तपासणी. उभ्या सॉनिकला उजवीकडे दाबून धरा : शून्यापासून ६ पर्यंत जायला बरोबर १२८ फ्रेम लागायला हव्यात, म्हणजे दोन सेकंदांच्या जरा वर. पूर्ण वेगात उलट दिशा दाबली की १२ फ्रेममध्ये थांबला पाहिजे. बटण दाबून धरून मारलेली उडी साधारण ९५ ते १०० पिक्सेल उंच जाते, म्हणजे १६ पिक्सेलचे सहा ब्लॉक. बटण लवकर सोडलं आणि वर जाण्याचा वेग ४ पेक्षा जास्त असला तर तो तिथल्या तिथे ४ करायचा. लहान-मोठी उडी एवढ्यावरच चालते, तिच्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

दोन सेकंद म्हणजे फार हळू, असं वाटून नवे लोक पहिला आकडा तिप्पट करतात. गाडी घसरते ती इथेच. सॉनिकचा वेग बटणातून येत नाही, उतारातून येतो. धावताना दर फ्रेमला उताराच्या कोनाची साइन गुणिले ०.१२५ इतका वेग वाढतो किंवा घटतो. रोल होऊन, म्हणजे चेंडूसारखा गुंडाळून, खाली जाताना हाच आकडा ०.३१२५ होतो आणि रोल होऊन वर चढताना ०.०७८१२५. म्हणजे खाली येताना ओढ वर जाण्याच्या चौपट. सपाटीवरच सॉनिक सुसाट पळू लागला की खेळणाऱ्याला उतार शोधायचं कारणच उरत नाही आणि मग लेव्हल म्हणजे नुसता रस्ता.

याच ओघात दुसरी चूक : ६ ही सरसकट मर्यादा समजून वेग तिथे कापणं. ६ ही फक्त 'बटण दाबून' मिळणारी मर्यादा आहे. उताराने, स्प्रिंगने किंवा स्पिनडॅशने (जागच्या जागी गिरकी घेऊन सुसाट सुटणं) त्यापुढे गेलेला वेग तसाच राहू द्यायचा, बटणाने त्यात भर मात्र घालायची नाही.

पण पहिल्या गेममध्ये स्पीड कॅप होती, असं काही जण छातीठोक सांगतात.

बरोबर सांगतात. १९९१ च्या गेममध्ये वेग ६ च्या वर असताना तीच दिशा दाबून धरली की तो पुन्हा ६ वर येतो, जमिनीवरही आणि हवेतही. दुसऱ्या गेममध्ये जमिनीवरची कॅप गेली, हवेतली 'सॉनिक ३'मध्ये गेली. भांडणारे दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगळ्या गेमबद्दल. या मालिकेतले निम्मे वाद 'कुठल्या आवृत्तीत?' एवढं विचारलं की आटोपतात.

लूप (पूर्ण गोल वळसा घेणारा रस्ता) चढताना सॉनिक मधेच गळून पडतो किंवा लूपच्या भिंतीवर आदळतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आदळत असेल तर तुमचा लूप एकसंध आहे. खऱ्या लूपला टक्कर तपासण्याचे दोन थर असतात. आत शिरताना उजवी बाजू भरीव असते आणि डावी पोकळ. माथ्यावर पोचल्यावर उलटं. दुसऱ्या गेमपासून हे काम न दिसणाऱ्या 'पाथ स्वॅपर'कडे आहे : सॉनिकने ती रेघ ओलांडली की तो दुसऱ्या थरावर जातो. एक स्वॅपर माथ्यावर ठेवाच, आणि बाहेरून दोन्हीकडून येणाऱ्यासाठी एकेक प्रवेशाजवळ. प्रवेशाजवळचे विसरले की सरळ आलेला सॉनिक ठीक जातो, पण मागे फिरलेला अडकतो. चाचणी घेताना लूप उलटाही चालून बघा.

गळून पडत असेल तर सेन्सर, म्हणजे जमीन कुठे आहे ते बघणारे अदृश्य बिंदू, तपासा. पायांच्या दोन्ही बाजूंना खाली बघणारे दोन सेन्सर असतात. सॉनिकच्या मध्यबिंदूपासून ते ९ पिक्सेल डावी-उजवीकडे आणि १९ पिक्सेल खाली. जमिनीचा कोन ४५ अंशांच्या पुढे गेला की हे 'खाली'च फिरलं पाहिजे : भिंतीवर असताना आडवं, छतावर असताना वर. बऱ्याच फॅनगेममध्ये चित्र फिरतं, सेन्सर मात्र जमिनीकडेच बघत राहतात.

सेन्सर बरोबर असूनही पडला तर ते बहुधा मुद्दाम आहे. तीव्र चढावर वेग २.५ च्या खाली आला की मूळ गेमही पकड सोडतो आणि ३० फ्रेम डावं-उजवं बटण बंद ठेवतो. ही ३० फ्रेमची कुलूपबंदी काढली की खेळणारे भिंतीवर पुन्हा पुन्हा धडका देत राहतात.

उताराशी निगडित आणखी दोन गोष्टी हमखास राहून जातात. उडी नेहमी जमिनीला काटकोनात मारायची, सरळ वर नाही : ६.५ चे साइन आणि कोसाइनने दोन भाग करून आडव्या-उभ्या वेगात मिसळायचे. आणि हवेतून उतारावर पडल्यावर पडण्याच्या वेगाचं धावण्याच्या वेगात रूपांतर करायचं. साधारण २३ अंशांपर्यंत फक्त आडवा वेग ठेवा. ४५ पर्यंत, पडण्याचा वेग जास्त असेल तर त्याचा निम्मा. त्यापुढे तो पूर्ण. हे नसेल तर उंचावरून उतारावर आलेला सॉनिक खाली सुटण्याऐवजी चिखलात पडल्यासारखा थबकतो. 'काहीतरी जड वाटतंय, पण सांगता येत नाही' अशी तक्रार आली की आधी हाच भाग उघडा.

रोल झाला की जमिनीत बुडतो.

उभा असताना मध्यापासून पायापर्यंत १९ पिक्सेल, रोलमध्ये १४. फरक ५. रोल सुरू होताना मध्यबिंदू ५ पिक्सेल खाली आणि उभा राहताना ५ वर सरकवा.

जोरात गेला की भिंतीतून आरपार जातो.

एका फ्रेममध्ये तो टाइलच्या जाडीपेक्षा जास्त अंतर कापतो, म्हणून भिंत तपासलीच जात नाही. वेग ८ च्या वर असेल तर एका फ्रेमची हालचाल दोन-तीन तुकड्यांत करा आणि दर तुकड्यानंतर टक्कर तपासा. पातळ भिंती टाळल्या तरी बराच फरक पडतो.

माझ्याकडे गेम नीट चालतो, मित्राकडे अडीचपट वेगाने पळतो.

मित्राचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. वरचे सगळे आकडे ६० फ्रेमचे. हालचालीचा हिशोब सेकंदाला ६० वेळा एवढाच चालू द्या, चित्र कितीही वेळा काढा. दर आकड्याला फ्रेमच्या वेळेने गुणण्याचा मोह होतो, पण मग उडीची उंची मशीनगणिक थोडी बदलते आणि काठावरचे प्लॅटफॉर्म कुणाला लागतात, कुणाला नाही.

१६-बिट धाटणीचा स्प्राइट (पात्राचं पिक्सेलमधलं चित्र) काढताना कुठले नियम पाळू?

मेगा ड्राइव्हवर लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी ८ पायऱ्या, म्हणजे एकूण ५१२ रंग. त्यातून १६-१६ रंगांच्या चार ओळी निवडायच्या आणि प्रत्येक ओळीतला पहिला रंग पारदर्शक. म्हणजे एका स्प्राइटला हातात १५. दुसऱ्या गेममध्ये सॉनिक आणि त्याचा साथीदार टेल्स एकाच ओळीवर भागवतात : निळ्याच्या छटा, नारिंगीच्या छटा, मधले करडे आणि बूट सगळं त्यात.

काम या क्रमाने करा. आधी सुमारे ४० पिक्सेल उंचीत नुसती काळी आकृती. ती ओळखू आली नाही तर पुढे जाऊ नका. मग सपाट रंग, त्यावर एक सावली, एक उजेड. शेवटी बाह्यरेषा, आणि तीही सगळीकडे काळी नको. उजेडाच्या बाजूला गडद निळी. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे काठाला समांतर फिरणारी सावली, ज्याने पात्र फुगवलेल्या उशीसारखं दिसतं. उजेड एकाच दिशेने आणा.

चालण्याच्या अ‍ॅनिमेशनचा वेग ठरावीक ठेवू नका. एक चित्र किती फ्रेम दिसावं त्याचा हिशोब साधारण '८ वजा सध्याचा वेग' असा आहे. वेग ६ झाला की चालणं सोडून पाय गरगर फिरणारं धावणं सुरू. फाइल पीएनजी. मोठं करायचं तर दुप्पट, तिप्पट असं पूर्ण पटीत आणि कडा धूसर न करता. ३२० × २२४ चे ९६० × ६७२ होतात. जेपीजी केलं की १५ रंगांचे क्षणात काहीशे होतात.

सॉनिकचा रंग बदलून केलेलं पात्र 'ओसी' म्हणायचं का?

ओसी म्हणजे चाहत्याने स्वतः घडवलेलं पात्र. तसं म्हणायला कुणी अडवत नाही, पण लोक 'रीकलर' म्हणून पुढे जातील. टिंगल फार होते, आणि ती करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच झालेली असते. शिवाय २०१७ च्या 'सॉनिक फोर्सेस'मध्ये सेगानेच लांडगा, ससा, मांजर, कुत्रा, अस्वल, पक्षी आणि हेजहॉग अशा सात प्रजातींतून स्वतःचं पात्र बनवायची सोय दिली होती, त्यामुळे 'ओसी म्हणजे पोरखेळ' हा मुद्दा तसाही लंगडा आहे.

पात्र सुधारायचं असेल तर रंगाआधी काटे, कान आणि शेपटीचा आकार बदला. मुख्य रंग तीनच ठेवा. डोळ्यांची शैली ठरवा : सॉनिकचे दोन डोळे एका जोडलेल्या पांढऱ्या भागात असतात, सगळ्याच पात्रांचे तसे नसतात, टेल्सचे वेगळे आहेत. आणि पात्राला एक अशी हालचाल द्या जी लेव्हलमध्ये उपयोगी पडेल. 'सॉनिकपेक्षा वेगवान' ही हालचाल नव्हे.

मेगा ड्राइव्हसारखं संगीत कसं करायचं?

फर्नेस किंवा डेफलमास्क हे ट्रॅकर (संगीत रचायचे प्रोग्राम) घ्या आणि यंत्राच्या मर्यादेत राहा : वायएम२६१२ चिपचे सहा एफएम चॅनेल, शिवाय पीएसजीचे तीन चौकोनी लहरींचे आणि एक नॉइजचा. सहावा एफएम चॅनेल आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी वापरता येतो आणि ड्रम बहुधा तिथेच जातात, म्हणजे सुरांसाठी पाच उरले. आवाजाचे परिणाम यातलेच चॅनेल हिसकावून घेतात. उडीचा आवाज वाजला की पीएसजीवरचा एक सूर तेवढा वेळ गप्प होतो, म्हणून मुख्य चाल तिथे ठेवू नका.

'सॉनिक ३'च्या संगीतात मायकेल जॅक्सन होता का?

होता, एवढं आता धरून चालता येतं. त्याच्यासोबत काम करणारे ब्रॅड बक्सर यांनी २००९ मध्ये ते सांगितलं आणि २०२२ मध्ये सॉनिकच्या मूळ निर्मात्यांपैकी युजी नाका यांनी दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या 'सॉनिक ओरिजिन्स'मध्ये आइसकॅप, कार्निव्हल नाइट आणि लाँच बेस या झोनचं संगीत बदललेलं होतं. चाहत्यांची चूक उलट्या टोकाला होते : सगळंच त्याच्या नावावर टाकलं जातं. आइसकॅपची चाल बक्सर यांच्या जुन्या बँडच्या, तोवर प्रसिद्ध न झालेल्या एका गाण्यातली आहे.

'सॉनिक सीडी'चा जपानी की अमेरिकी साउंडट्रॅक, या भांडणात मात्र निकाल लागण्यासारखं काही नाही. २०११ च्या आवृत्तीत दोन्ही आहेत. ऐका आणि निवडा.

एगमन की रोबॉटनिक? काळे डोळे की हिरवे?

मालिकेचा खलनायक जपानमध्ये सुरुवातीपासून एगमन. पाश्चात्त्य आवृत्त्यांनी रोबॉटनिक केलं. १९९८ च्या 'सॉनिक अ‍ॅडव्हेंचर'ने दोन्हींची सांगड घातली. सॉनिकचे हिरवे डोळे आणि लांब पाय त्याच गेममध्ये, युजी उएकावा यांच्या नव्या रेखाटनातून आले. काळ्या डोळ्यांचा गोलमटोल सॉनिक २०११ च्या 'जनरेशन्स'मध्ये परतला आणि तेव्हापासून दोघं शेजारी नांदतात. फॅनआर्टमध्ये कुठलाही घ्या, फक्त जुन्या अंगावर नवे डोळे बसवू नका. नजर लगेच तिथे अडकते.

चित्रपटातला सॉनिक खरंच चाहत्यांमुळे बदलला?

हो. ट्रेलर ३० एप्रिल २०१९ ला आला, दोनच दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी बदल जाहीर केला आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून १४ फेब्रुवारी २०२० वर गेलं. नवं रूप टायसन हेसी यांच्या देखरेखीखाली झालं. ते आधी सॉनिकच्या कॉमिक्समध्ये आणि 'सॉनिक मेनिया'च्या अ‍ॅनिमेशनवर होते. माणसासारखे दात गेले, हातमोजे आले. पण 'चाहत्यांचं सगळं ऐकलं' हे खरं नाही : डोळे नव्या रूपातही वेगवेगळेच आहेत आणि दंड निळेच.

फॅनगेम करून कुणी अधिकृत कामापर्यंत पोचलं आहे का?

सर्वांत ठळक उदाहरण क्रिश्चियन व्हाइटहेड. त्यांनी २००९ मध्ये 'सॉनिक सीडी' स्वतःच्या रेट्रो इंजिनवर आयफोनसाठी करून दाखवला. २०११ मध्ये सेगाने तो अधिकृतपणे आणला. २०१३ च्या 'सॉनिक २'च्या मोबाइल आवृत्तीत मूळ गेममधून गाळलेला हिडन पॅलेस झोन परत आला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्या हातचा 'सॉनिक मेनिया' हा अधिकृत गेम आला. यात घेण्यासारखा भाग एकच : दाखवला तो पूर्ण चालणारा तुकडा होता, कल्पना नव्हे.

सेगा फॅनगेम बंद करते का?

सॉनिकच्या बाबतीत फारसं नाही. नफा नसेल तर सहसा हरकत नसते, असं कंपनीच्या लोकांनी जाहीरपणे म्हटलेलं आहे. पण ती सवलत आहे, हक्क नव्हे. याच सेगाने २०११ मध्ये 'स्ट्रीट्स ऑफ रेज'चा चाहत्यांनी केलेला रीमेक काढायला लावला होता. पैसे घेऊ नका, 'आधी पैसे भरणाऱ्यांना आधी डेमो' हा प्रकारही नको, आणि 'अधिकृत नाही' हे पहिल्या स्क्रीनवर लिहा.

रॉम हॅक असेल तर रॉम वाटू नका, पॅच (फक्त केलेले बदल साठवणारी फाइल) वाटा : आयपीएस किंवा बीपीएस प्रकारचा. बीपीएस बरा, कारण तो मूळ फाइल चुकीची असेल तर तिथेच अडतो. आयपीएस मुकाट्याने लागतो आणि मग काळा पडदा दिसतो. पहिल्या गेमच्या रेव्ह००, रेव्ह०१ अशा आवृत्त्या आहेत. कुठल्या आवृत्तीवर पॅच बांधला ते फाइलच्या नावातच लिहा.

२००६ चा गेम इतका वाईट होता, तर चाहते तो पुन्हा का बांधतात?

कारण लेव्हल आणि संगीताचा पाया चांगला होता. घाईत बाहेर आलेला गेम, लांबलचक लोडिंग आणि सुटी वाटणारी हालचाल यांनी घात केला. युनिटीत बांधलेला 'प्रोजेक्ट ०६' हे करून दाखवतो : जागा त्याच, पात्रांची हालचाल नव्याने. 'गेम मुळातच टाकाऊ होता' म्हणणाऱ्याला लेख पाठवण्यापेक्षा तो डेमो पाठवावा.

डेमो लोकांसमोर कधी आणि कसा ठेवू?

सॉनिकच्या हौशी गेम्सचं 'सेज' हे प्रदर्शन २००० पासून भरतं आणि बरेच जण तेच मुदत म्हणून धरतात. मुदतीच्या दोन आठवडे आधी नवं काही घालणं बंद करा. ज्याने गेम कधीच पाहिलेला नाही अशा एकाला खेळायला बसवा आणि तोंड बंद ठेवून बघा. तो जिथे तीनदा मरतो ती जागा बहुतेक वेळा अवघड नसते, तिथे पुढचं दिसत नसतं. फाइल दुसऱ्या मशीनवर, नव्या फोल्डरमध्ये उघडून तपासा.

उडीसाठी कुठलं बटण ठेवू?

मूळ गेममध्ये ए, बी, सी तिन्हींनी उडीच लागते. तुम्हीही निदान दोन बटणांना उडी द्या आणि कीबोर्डवर ती बाणांच्या विरुद्ध हाताला येईल असं बघा.